न मोजता

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी तेओफिलाच्या अंगणात रिकाम्या हातांनी कुणी बसायचं नाही, हा नियम तिच्या सासूच्या सासूपासूनचा. गुरुवारी आणि शुक्रवारी घरात विस्तव पेटत नाही, केर निघत नाही, आवाज चढत नाही, पोरांनी काहीही उच्छाद मांडला तरी त्यांच्या पाठीत धपाटा बसत नाही. म्हणून दोन्ही दिवस पुरेल एवढा चिपा, म्हणजे चिजाचा पाव, बुधवारीच भाजून टोपल्यांत भरून ठेवायचा. आठ वाजले होते. तिच्या मुलाने, देर्लिसने, अंगणातली मातीची भट्टी पेटवली होती, तिच्या तोंडातून धूर नुसता लोळत होता, आणि आंब्याखाली लांबलचक लाकडी काथवटीभोवती आई आणि दोन लेकी उभ्या राहून पीठ मळत होत्या. मांदिओकाच्या कंदाचं पांढरंशुभ्र पीठ, थोडं मक्याचं, डझनभर अंडी, डुकराची चरबी, कुस्करलेलं चीज, मूठभर बडीशेप. या पिठाला कोमट हातांची सवय असते, ते घाईने मळलं की फुटतं.

गोष्टी पोटात ठेवण्यात तेओफिलाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, पण आजची गोष्ट तिला तीन दिवस टोचत होती. झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या दारात धाकटा जावई विल्फ्रिदो उभा होता. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, तोंडाला दारूचा वास नाही. इथे लहान माणूस मोठ्यापुढे दोन्ही हात जोडतो आणि ‘तुपानोइ’ म्हणून आशीर्वाद मागतो, तसे विल्फ्रिदोने भर गर्दीत हात जोडले. मागितलेला आशीर्वाद नाकारायचा नसतो. तिने त्याच्या कपाळासमोर क्रूस काढला, आणि तो हळूच म्हणाला की दरवर्षीप्रमाणे भट्टीत चिप्याखाली अंथरायला केळीची पानं घेऊन येऊ का. शेजारी उभ्या असलेल्या देर्लिसने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ये.

तिचा हिशोब साधा होता. जानेवारीत धाकटी लेक निम्फा खांद्याचं हाड मोडून घेऊन, आपल्या आठ वर्षांच्या पोरीचा, पानांबीचा, हात धरून माहेरी आली, ती आलीच. तेव्हापासून पोर बापाविना वाढतेय. गाव विचारतं. आणि विल्फ्रिदो हात उचलतो तो प्यायल्यावर, हे सगळ्यांनाच ठाऊक. पवित्र आठवड्यात तो थेंबाला शिवत नाही. या आठवड्यात कुणीच कुणावर हात उचलत नाही. दोघांनी एकमेकांसमोर बसून बोलायचं तर याच्याइतका सुरक्षित दिवस वर्षात दुसरा नाही, असं तेओफिलाला मनापासून वाटलं होतं. लेकीला मात्र तिने अजून सांगितलं नव्हतं.

“आई, तुझा हात बघ जरा, नुसता चिखल कालवल्यासारखं कालवतेस,” मोठी मिर्ता म्हणाली. मिर्ता छत्तीस वर्षांची, तीन पोरांची आई, आणि घरात सगळ्यांत जास्त तोंडाळ. मग ती धाकटीकडे वळली. “आणि तू काय गं, डोळे मिटून मळतेस? तुझ्या त्या बाईंनी हेही शिकवलं का?”

“डोळे उघडेच आहेत माझे,” निम्फा म्हणाली. “बाई डोळे मिटायला सांगत नाहीत.”

“मग दोन-दोन तास करता काय तिथे? जमिनीवर आडवं पडून माणूस बरा होत असता तर मी आमच्या कुत्र्यालाच डॉक्टर केला असता.”

निम्फा हसली. तीन महिन्यांत ती इतकी मोकळी पहिल्यांदाच हसत होती. तेओफिलाच्या पोटातली गोष्ट आणखी खोल रुतली.

*

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी निम्फा आरोग्य केंद्रामागच्या पडवीत जायची. तेओफिला शेजारणींना सांगायची की लेक पाठीच्या दुखण्यासाठी जाते. गावातल्या बायका त्याला नुसतं ‘कवायत’ म्हणत. मारीसोलबाई पूर्वी राजधानीत परिचारिका होत्या. पन्नाशीच्या, चांगल्या जाडजूड, खाली बसताना स्वतःच हुश्श करणाऱ्या. योग शिकवणारी बाई वेतासारखी असेल असं निम्फाला वाटलं होतं. सात बायका यायच्या. प्रत्येकीने घरून घोंगडी नाही तर अंगावर घ्यायचा जुना लोकरी पोंचो आणायचा. पडवीचं फाटक सताड उघडं राहायचं, आणि कुणी कुणाला हात लावायचा नाही. बाई प्रत्येक वाक्याला ‘हवं असेल तर’ जोडायच्या. हवं असेल तर हात वर घ्या. हवं असेल तर बसूनच राहा. पहिल्या दिवशी निम्फाला त्याचा राग आला होता. आपल्याला काय हवं हे तिला दहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे द्यायला उत्तरच नव्हतं.

दुसऱ्या मंगळवारी बाईंनी श्वास शिकवायला घेतला. नाकाने आत घ्या, एक, दोन, तीन. ‘तीन’ला निम्फा उठली. आपण कधी उठलो, कधी बाहेर आलो, तिला कळलंच नाही. भानावर आली तेव्हा ती विहिरीपाशी रहाटाचा दोर गच्च धरून उभी होती. बाई मागून आल्या. जवळ आल्या नाहीत. पाच पावलांवर मातीतच फतकल मारून बसल्या. मग त्यांनी विचारलं, “आकडे नकोत का?”

निम्फाने मान हलवली.

“बरं. मग टाकून देऊ.”

त्या दिवसापासून त्या पडवीत कुणी मोजलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, एकीनेही नाही. आपल्यासाठी कुणी काहीतरी इतक्या सहज टाकून देतं, हे निम्फाला इतकं नवीन होतं की घरी येताना ती वाटेत एका कुंपणाला टेकून पोटभर रडली. पुढे बाईंनी विचारलं, हातांना काय करायला आवडतं? निम्फा म्हणाली, पीठ मळायला. मग तसाच श्वास घे, बाई म्हणाल्या. ढकलताना सोड, ओढताना घे. पाय जमिनीवर आहेत ना, एवढं बघ.

आताही ती तेच करत होती. ढकललं, सोडला. ओढलं, घेतला. अनवाणी पायांखाली अंगणातली माती गार होती. आंब्याच्या सावलीत पानांबी आणि देर्लिसची लेक लिच्ची पिठाच्या गोळ्यांची कबुतरं आणि मगरी करत होत्या. लिच्चीच्या मगरीला पाच पाय होते. सगळं ठीक होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की भिंतीशी केळीची पानं नाहीत.

“आई,” ती म्हणाली, “पानं कुठून आणायची यंदा?”

 मिर्ताने आईकडे पाहिलं. आईने काथवटीत पाहिलं. भट्टीत लाकूड सारणारा देर्लिस एकाएकी लाकूड सारण्यात फारच गुंग झाला.

दरवर्षी पानं विल्फ्रिदो आणायचा.

निम्फाच्या कानांत घूं घूं सुरू झालं. अंगणाला मागचं दार आहे, मागच्या दारातून मक्याचं शेत, शेतापलीकडे रस्ता, असं सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पाय मात्र तिने उचलले नाहीत. टाच टेकलीय. अंगठा टेकलाय. हात पिठात आहेत, पीठ कोमट आहे. ढकल, सोड. घूं घूं थांबलं नाही, पण त्यातून पलीकडचं ऐकू येऊ लागलं.

“किती वाजता येतोय?” तिने विचारलं.

“नुसती पानं द्यायला,” तेओफिला म्हणाली. “बाळ, पवित्र आठवडा आहे. तो प्यायलेला नसतो. दोघांनी बसून दोन शब्द बोला, मी आहे, देर्लिस आहे. या दिवसांत कुणाचा हात उठत नाही.”

“माणूस बदललाय निम्फा,” भट्टीजवळून देर्लिस म्हणाला. विल्फ्रिदो लिच्चीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता; दोघं एकत्र मासेमारीला जायचे, देर्लिसच्या घराचं छप्पर विल्फ्रिदोनेच घातलेलं. “सगळ्यांसमोर रडला माझ्याकडे. एकदा ऐकून तरी घे.”

 मळता मळता मिर्ता काथवटीच्या कडेने सरकत बहिणीच्या शेजारी येऊन उभी राहिली. सकाळपासून ती आईच्या बाजूला होती.

तेवढ्यात मागे खळकन आवाज झाला. लिच्चीच्या धक्क्याने अंड्यांचा वाडगा खाली गेला होता. चार अंडी फुटली. पोरगी भेदरून बापाकडे बघू लागली, आणि देर्लिस हसला. घरातला ताण कमी करायला त्याला बरं निमित्त मिळालं.

“असू दे, असू दे. आज तुला कोण मारतंय? मी मोजून ठेवतोय. सोमवारी दूध सांडलं ते एक, आजीचा चष्मा दोन, ही अंडी तीन. शनिवारी बघू.”

गौरवाच्या शनिवारी, येशू उठल्याची घंटा झाली की, आठवडाभराचे साठलेले फटके पोरांना एकदम द्यायचे, ही इथली जुनी रीत. बहुतेक घरांत ती आता थट्टेपुरती उरली होती. पेरूची बारीक काठी पोटरीला दोनदा टेकवायची, पोरं आधीच किंचाळत सुटायची, सगळे हसायचे. लिच्चीही आता खुदकन हसली. पानांबी हसली नाही. तिने हातातलं कबूतर खाली ठेवलं, उठली, आईच्या मागे जाऊन तिच्या झग्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

निम्फाला पाठीशी ते दोन हात लागले. लेकीला काही माहीत नाही, ती त्या वेळी शेजारी खेळत असायची, असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती.

“तो मलाही मोजायचा,” निम्फा म्हणाली.

*

तिने हे कुणाकडेही न बघता, पीठ न सोडता सांगितलं, आणि देर्लिसला ते आयुष्यभर आठवणार होतं. आवाज चढला नाही, रडली नाही. मध्ये मध्ये ती थांबायची, पिठाला दोनदा ढकलायची, पुढे बोलायची.

दारू पिऊन मारायचा तो वेगळा मार, ती म्हणाली. त्याचं काही खरं नसायचं, कधी यायचा, कधी चुकायचा. पवित्र आठवड्यात तो पीत नसे. शिवी देत नसे. रविवारपासून अगदी गोड आवाजात बोलायचा. रश्शात मीठ जास्त झालं, एक. दाराशी शेजाऱ्याशी बोललीस, दोन. आठवडाभर घर कसं शांत. मला सगळे म्हणायचे, बघ, किती चांगला वागतोय. आणि शनिवारी घंटा झाली की पानांबीला शेजारी पाठवायचा आणि आतून कडी लावायचा. तेव्हाही प्यायलेला नसायचा. जेवढे झाले असतील तेवढेच द्यायचा, एक जास्त नाही. यंदा किती, ते माझ्याकडूनच म्हणवून घ्यायचा.

“दरवर्षी?” मिर्ताने विचारलं.

“दरवर्षी.”

“कशाने?” हे देर्लिसने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. 

निम्फाने पहिल्यांदा वर पाहिलं. “तुम्ही दिलेल्या काठीने.”

दहा वर्षांपूर्वी याच आंब्याखाली, याच काथवटीभोवती, नव्या जावयाचा पहिला पवित्र बुधवार होता. बाबा जिवंत होते. कुणीतरी शनिवारचा विषय काढला आणि बाबा विल्फ्रिदोला म्हणाले, आमच्या लेकीचेही मोजत जा हो जावईबापू, लाडावलेली आहे. सगळे हसले. आई हसली. मिर्ता हसली. आणि एकोणीस वर्षांचा देर्लिस उठला, परसातल्या पेरूची सरळ फांदी त्याने कापली, साल सोलून गुळगुळीत केली, मिर्ताच्या वेणीतली लाल फीत तिला बांधली आणि गुडघ्यावर बसून जावयाला नजराणा म्हणून दिली. त्यावर तर तेव्हा जिवंत असलेली त्याची आजीसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसली होती. विल्फ्रिदोही हसला होता. निम्फा हसली होती का, ते देर्लिसने आठवून पाहिलं. त्याला आठवेना. त्याने तेव्हा तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

“मला वाटलं ती तेव्हाच कुठेतरी फेकली असेल,” तो म्हणाला.

“फीत गेली,” निम्फा म्हणाली. “काठी आहे.”

देर्लिसला बहिणीपाशी जावंसं वाटलं. दोन पावलं तो गेलाही. मग तिचे खांदे आखडलेले त्याला दिसले, आणि तो तिथेच थांबला. “येऊ का जवळ?” त्याने विचारलं. असला प्रश्न त्याने जन्मात कुणाला विचारला नव्हता, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

“आत्ता नको,” निम्फा म्हणाली. “पण विचारलंस ते बरं केलंस.”

 तेओफिलाचे हात पिठात तसेच रुतलेले होते. ती लेकीकडे नाही, भट्टीकडे बघत होती.

तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली.

*

विल्फ्रिदोने केळीची पानं नीट गुंडाळून मागे बांधली होती. फाटकापाशी येऊन त्याने टोपी काढली, हात जोडले. “तुपानोइ, सासूबाई.”

तेओफिला पीठ माखलेल्या हातांनीच फाटकापाशी गेली. जाता जाता तिच्या मनात अजून संशयाचा एक चोरकप्पा होता, हे तिने पुढे स्वतः कबूल केलं. लेक खोटं बोलत नाही हे तिला कळत होतं. पण हा समोरचा माणूस, इस्त्रीचा सदरा, जोडलेले हात. एखादं वर्ष झालं असेल. निम्फाला जास्त वाटत असेल. आपल्या हसण्यातून हे एवढं उगवलं असेल हे मानायला तिचं मन धजत नव्हतं.

तिने हात उचलून क्रूस काढला. “देव तुझं भलं करो,” ती म्हणाली, कारण हे म्हणावंच लागतं. फाटकाची कडी मात्र काढली नाही. “पानं घेऊन परत जा, विल्फ्रिदो. तिला बोलायचं नाहीये.”

तो रागावला नाही. जरासा हसला. तिच्या खांद्यावरून त्याने आंब्याकडे पाहिलं, तिथे निम्फा काथवटीशी उभी होती आणि तिच्या मागून पानांबीचं अर्धं तोंड दिसत होतं. मग तो अगदी मऊ आवाजात, जणू पोरीला लाडाने हाक मारावी तसा म्हणाला, “बरं. हे एक झालं.”

 तेओफिलाच्या मनातला चोरकप्पा तिथेच बंद झाला.

ती वळली नाही, ओरडली नाही. या आठवड्यात आवाज चढवायचा नसतो. तिने पिठाचे हात फाटकाच्या दोन्ही खांबांना टेकले. “ते आकडे आमच्या अंगणातून शिकलास तू,” ती म्हणाली. “आमचं पाप आहे ते, त्याचं मी बघते. आशीर्वाद मागितलास, दिला. फाटक मागू नकोस. शनिवारी मी इथेच बसलेली असेन, आणि रविवारीही.”

एव्हाना देर्लिस तिच्या शेजारी येऊन उभा होता. विल्फ्रिदोने त्याच्याकडे पाहिलं. “तू तरी सांग ना रे आईला, भाऊ,” तो म्हणाला.

देर्लिसला स्वतःच्या छपरावरचं, विल्फ्रिदोने बसवलेलं एकेक कौल आठवत होतं. तो म्हणाला, “काठी आणून दे. ती माझी आहे.”  विल्फ्रिदो टोपी घालून निघून गेला. असं हार मानून माघारी जाताना त्याला आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

आंब्याखाली निम्फाचे पाय आता खरोखर थरथरत होते. ती काथवटीच्या कडेला खाली बसली. मिर्ता तिच्यासमोर मातीत बसली, फतकल मारून, न शिवता. “बाई काय करायला सांगतात गं अशा वेळी?” तिने विचारलं. थट्टा नव्हती.

“काही नाही. बसायचं. थरथरतंय तर थरथरू द्यायचं.”

“एवढंच?”

“हवं असेल तर.”

“मला हवंय,” मिर्ता म्हणाली, आणि बसून राहिली. जरा वेळाने तिचीच हनुवटी थरथरू लागली.

*

पानं नव्हती, पण भट्टी कुणासाठी थांबत नाही. मिर्ताची पोरं शेजारून चार पानं मागून घेऊन आली, बाकीचा चिपा मक्याच्या सालपटांवर ठेवायचं ठरलं. देर्लिसने दाराआड टांगलेली घरातली पेरूची काठी कुणी न सांगता काढली, गुडघ्यावर मोडली आणि निखाऱ्यांत टाकली. लिच्चीने ते पाहिलं. तिने विचारलं, “मग माझ्या तिनांचं काय?” देर्लिस म्हणाला, “विसरलो मी.” मग निखारे ओढून काढले, ओल्या डहाळ्यांच्या झाडूने भट्टीचा तळ झाडला, आणि सगळे भट्टीच्या तोंडापाशी गोळा झाले.

आता तेओफिलाची पाळी. भट्टी किती तापलीय हे या घरात एकाच रीतीने पाहतात. घरातली मोठी बाई कोपरापर्यंत हात आत घालते आणि मोठ्याने मोजते, पोरं तिच्याबरोबर ओरडून मोजतात. दहाच्या आत हात ओढावा लागला तर भट्टी फार तापलेली. पंधराच्या पुढे टिकला तर आणखी लाकूड हवं. बेचाळीस वर्षांत तेओफिलाचा अंदाज चुकला नव्हता. तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत केस नव्हते.

तिने हात आत घातला. पोरांनी छाती भरून श्वास घेतला. “ए...”

“चूप,” तेओफिला म्हणाली.

पोरं चूप झाली. ती तशीच उभी राहिली, हात आत, तोंड मिटलेलं. कपाळावर घाम आला. न मोजता तिला काही कळेना. बेचाळीस वर्षं ती आकड्यांनीच भट्टी ओळखत होती.

“निम्फा,” ती म्हणाली, मागे न बघता. “तुझा बाप हात उचलायचा ना, तेव्हा मी मनात मोजायची. वीसच्या पुढे कधी गेलं नाही. मोजलं की संपतं, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यावर मी राहिले.” अनास्तासिओ जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याच्या हाताबद्दल या अंगणात आजवर कुणी बोललं नव्हतं. “म्हणून मला मोजण्याची भीती नाही वाटली गं. मला ते देवासारखं होतं. तुझ्याकडे बघताना मला ते दिसलं नाही.”

निम्फा उठून आईच्या बाजूला आली. भट्टीची धग तिच्याही तोंडावर आली.

“हात भाजेल, आई.”

“न मोजता कसं कळतं? तुमच्यात कसं करतात?”

“पाय जमिनीवर आहेत का बघ आधी.”

“आहेत की. कुठे जाणार?”

“हाताला काय वाटतंय ते बघ. आणि काढावासा वाटला की काढायचा.”

 तेओफिलाच्या मनगटाची कातडी लाल होऊ लागली होती.

“काढावासा वाटला की काढायचा,” ती म्हणाली. “एवढंच?”

“एवढंच.”

तेओफिलाने हात बाहेर काढला. लालबुंद झालेला तो हात ती पालथा-उलथा करून बघत राहिली. तो आपला आहे हे तिला जणू आत्ताच कळत होतं. “मला कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली. निम्फाने झग्याला हात पुसले आणि विचारलं, धरू का. आईने मान हलवली, तेव्हा तिने तो हात आपल्या पिठाच्या, गार हातांत घेतला.

भट्टी जरा जास्तच तापलेली निघाली. त्या वर्षीचा चिपा खालून करपला, आणि शुक्रवारपर्यंत सगळा संपला.